शिवणशंका: स्ट्रॅपलेस गाऊनला पट्टे आणि बाह्या

लग्नसराई तोंडावर आली की या सदराकडे खांदे नसलेल्या गाऊनबद्दलची पत्रं वाढतात. गाऊन आवडलेला असतो, घेतलेलाही असतो. पण खांदे उघडे नको असतात, नाहीतर तो ऐन समारंभात खाली घसरेल अशी धास्ती असते. म्हणून या वेळी याच विषयाचे प्रश्न घेतले आहेत. मापं इंचांत आणि सुतांत दिली आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच.

मुलीच्या लग्नासाठी सॅटिनचा पांढरा स्ट्रॅपलेस गाऊन तयार घेतला. घालून दहा मिनिटं चाललं की तो खाली येतो आणि ती सारखी वर ओढत राहते. शिंपीदादा म्हणतात, दोन बारीक पट्टे लावू, प्रश्न मिटेल. लावून घ्यावेत का?
– एक वाचक, वसई

लावा, पण आधी घसरणं थांबवा. हा क्रम उलटा झाला की पैसे आणि गाऊन दोन्ही वाया जातात.

स्ट्रॅपलेस गाऊन छातीवर टिकतो असं वाटतं, पण खरं तर तो कमरेवर उभा असतो. कमरेत घट्ट बसलेली चोळी आणि तिच्या शिवणींत घातलेल्या बोनिंगच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या कडक, उभ्या पट्ट्या मिळून वरचा काठ तोलून धरतात. कमरेत ढील असली की घेराचं सगळं वजन चोळीला खाली ओढतं. अशा वेळी पाव इंचाच्या दोन नाड्यांवर अस्तर आणि कॅनकॅन (घेर फुगवणारी आतली कडक नेट) यांसकट सगळा घेर टांगला, तर दोन गोष्टी होतात. नाड्या खांद्यात रुततात. शिवाय काठ फक्त त्या दोन ठिकाणी वर ओढला जाऊन मध्ये झोळ पडतो आणि छातीजवळ फट दिसते.

म्हणून पहिलं काम आतल्या कमरबंदाचं. एक इंच रुंदीची, न ताणणारी ग्रॉसग्रेन रिबन घ्या. ती मिळाली नाही तर जाड सुती टेप चालेल. कमरेचं माप खुर्चीवर बसून घ्या, कारण बसल्यावर कंबर थोडी वाढते. त्या मापात ढील धरू नका. फक्त टोकं दुमडण्यासाठी तीन इंच जास्त कापा. ही रिबन कमरेच्या शिवणीवर आतून ठेवा आणि बाजूच्या व प्रिन्सेस शिवणींच्या (छातीवरून कमरेकडे जाणाऱ्या उभ्या शिवणी) आतल्या मायेला, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडाला, हाताने पक्की टाचा. बाहेरच्या सॅटिनमधून एकही टाका जाता कामा नये. चेनच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच रिबन मोकळी सोडा. टोकांना पँटला लावतात ते चपटे हूक लावा, दोन असले तर उत्तम. गाऊन घालताना आधी कमरबंद लावायचा, मग चेन ओढायची. काम बरोबर झालंय का हे पाहायचं असेल, तर कमरबंद लावून चेन उघडीच ठेवा आणि हात सोडून द्या. घेर कमरेवरून तसूभरही खाली गेला नाही, तर जमलं.

त्यानंतर वरच्या काठाची ढील पाहा. काठाशी दोन बोटं सहज आत जात असतील तर शिवणी आवळाव्या लागतील. चार शिवणींत प्रत्येक बाजूला फक्त एक सूत आत घेतलं, तरी घेर पूर्ण एक इंच कमी होतो. म्हणून एकाच शिवणीत इंचभर घेऊ नका. चोळी एका बाजूला फिरते. काठाशी एक सूत आणि कमरेकडे येईतो शून्य, अशी निमुळती टीप मारा. सॅटिन उसवलं की सुईची भोकं राहतात. त्यामुळे आवळायला हरकत नाही, पण सैल करताना जुनी टीप बाहेर दिसेल हे धरून चाला.

आता पट्टे. नाडीसारखा बारीक पट्टा उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेल्या, कापडाचा करतात. सव्वा इंच रुंदीची उरेब पट्टी सुलट बाजू आत ठेवून उभी दुमडा आणि घडीपासून पाव इंचावर बारीक टाक्याची टीप मारा. टीप मारताना पट्टी किंचित ताणून धरा, नाहीतर नंतर ताण आला की दोरा तुटतो. उरलेली माया दीड सूत राहील इतकी कापा. तीच आत भरली जाऊन नाडी गोल दिसते. उलटवण्यासाठी जाड दोरा टोकाला पक्का करा, सुई नाक्याकडून नळीत सोडा आणि हळूहळू ओढा. तयार नाडी रात्रभर चिमट्याने टांगून खाली थोडं वजन लावा. उरेब कापड लांबतंच. ते आधी लांबून जाऊ दे, लग्नाच्या दिवशी नको. पट्टा रुंद हवा असेल तर दीड इंचाची पट्टी उभ्या धाग्यात (कापडाच्या लांबीच्या दिशेने) कापून चौपदरी दुमडा. तीन सूत रुंदीचा, न ताणणारा पट्टा मिळेल. गाऊन जड असेल तर आम्ही हाच सुचवू.

पट्टे कुठे लावायचे हे टेबलावर ठरवू नका. त्या दिवशी आत जे घालायचं तेच घालून, गाऊन अंगावर असताना ठरवा. पुढे प्रिन्सेस शिवणीवर लावा, कारण तिथे खाली बोनिंग असतं आणि काठ दबत नाही. मागे चेनपासून दोन्ही बाजूंना साधारण तीन ते साडेतीन इंचांवर. मागचे पट्टे पुढच्यांपेक्षा मध्याच्या जवळ हवेत. पट्टे खांद्यावरून घसरतात ते बहुतेक वेळा मागची टोकं बाजूला गेल्यामुळे. लांबीचा त्यात फारसा दोष नसतो.

जोडताना आतल्या बाजूने काठाजवळचं अस्तर फक्त एक इंच उसवा. पट्ट्याचं टोक सव्वा इंच आत सरकवा आणि बोनिंगच्या कापडी म्यानाला व आतल्या मायेला दुहेरी दोऱ्याने उलटी टीप (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन) घालून शिवा. दोऱ्याला थोडं मेण लावलं तर तो पिळत नाही. नुसतं अस्तराला किंवा काठालाच शिवलं तर काठ बाहेर उलटा पडतो आणि अस्तर दिसतं. पुढची टोकं आधी पक्की करा. मागची फक्त टाचणीने अडकवून गाऊन घालायला लावा. मुलीला हात वर करू द्या, वाकू द्या, बसू द्या, मगच लांबी ठरवा. पट्ट्याखाली एक बोट सहज जावं. काठ पट्ट्यापाशी टोकदार वर उचलला जात असेल, तर पट्टा आखूड झाला आहे.

टाचण्या मात्र फक्त मायेत लावा. सॅटिनच्या तोंडावर टोचलेली टाचणी कायमची खूण ठेवते.

चर्चमधल्या विधीला खांदे आणि दंड झाकलेले हवेत, पण संध्याकाळी रिसेप्शनला तोच गाऊन स्ट्रॅपलेस घालायचा आहे. काढता येणाऱ्या बाह्या जमतील का?
– एक वाचक, मडगाव

जमतील, आणि दोन पद्धतींनी जमतील. आमचं मत पहिल्या पद्धतीकडे झुकतं, कारण तिच्यात गाऊनला कात्री लागत नाही.

पहिली पद्धत म्हणजे गाऊनवरून घालायचा नेटचा आखूड टॉप: पुढून बंद, पाठीवर बटणं, कमरेच्या शिवणीपर्यंत लांब. खालचा काठ गाऊनच्या कमरपट्ट्याखाली किंवा रिबनखाली लपतो, त्यामुळे तो वेगळा वाटत नाही. ताणणारी मऊ नेट ६० इंच पन्ह्याची असेल तर पूर्ण बाह्यांसकट सव्वा मीटर पुरते. लेस ४४ इंच पन्ह्याची असेल तर पावणेदोन मीटर घ्या, कारण दोन्ही बाह्यांवर नक्षी जुळवायला कापड जास्त जातं. नेटची जी दिशा जास्त ताणते ती अंगाभोवती यायला हवी. उभी आली तर टॉप खाली लोंबतो आणि दंडात आवळतो.

अंगाच्या रंगाची नेट निवडताना ती खांद्यावर ठेवून उजेडात पाहा. तळहातावर पाहू नका, तिथला रंग वेगळा असतो. दोन छटांमध्ये अडलात तर गडद घ्या. फिकी नेट सावळ्या खांद्यावर राखेसारखी दिसते.

गळा बंद असेल तर डोकं कसं जाणार हे आधीच ठरवा. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर २२ इंचांच्या आसपास असतो. गळा त्याहून लहान असेल तर पाठ उघडी हवीच. बटणपट्टी गाऊनच्या चेनच्या बरोबर रेषेत घ्या. तीन सुतांची, कापड मढवलेली बटणं आणि त्यांना इलॅस्टिकचे फासे लावा. दोन बटणांत पाऊण इंच अंतर ठेवा. याहून लांब लावली की पाठीवर डोळ्यांसारख्या फटी दिसतात. गळ्याचा काठ त्याच नेटच्या एक इंच पट्टीने बांधा, सॅटिनच्या पायपिंगने नको. नेटवर ती जाड दोरीसारखी उठते.

लेसच्या फुलांचे तुकडे वर लावायचे असतील तर ते हाताने, बारीक धावदोऱ्याने कडेकडेने लावा. मशीनवर लावायचेच असतील तर नेटखाली पातळ कागद ठेवा, ९ किंवा ११ नंबरची सुई वापरा आणि शिवून झाल्यावर कागद फाडून काढा. कागद नसला की मशीनचे दात नेट आत ओढून घेतात. तुकडे काठावर असे लावा की काही फुलं नेटवर आणि काही गाऊनच्या काठाच्या खाली येतील. मग दोन कपड्यांमधली रेघ नाहीशी होते.

दुसरी पद्धत म्हणजे नुसत्या सुट्या बाह्या. त्यांच्या वरच्या काठात दोन सुतांचं इलॅस्टिक घालतात. लांबी दंडाच्या मापापेक्षा एक इंच कमी. प्रत्येक बाही पुढे आणि मागे गाऊनच्या काठाला आतून दोन-दोन हुकांनी अडकवा. टिचबटणं नकोत. हात वर केला की ती पटापट सुटतात, कारण ओढ सरळ त्यांच्या उघडण्याच्या दिशेने येते. हूक असा लावा की हात उचलल्यावर तो आकड्यात आणखी घट्ट बसेल. अशा बाह्या दंडावर राहतात, खांद्याचा वरचा भाग उघडाच राहतो. तो झाकायचा असेल तर वरचा नेटचा टॉपच हवा.

मी शिवणकाम करतो. गिऱ्हाइकाच्या स्ट्रॅपलेस गाऊनला नेटचा योक (खांदे आणि छातीचा वरचा भाग झाकणारा तुकडा) आणि त्याला लांब बाही जोडली. उभं राहिल्यावर छान दिसतं, पण हात वर केला की अख्खा गाऊन वर येतो आणि काखेत नेट फाटायला लागली. मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल) आणखी खोल करू का?
– एक वाचक, इचलकरंजी

खोल करू नका. खोल मुंढा म्हणजे मोकळा मुंढा, हा समज फार पक्का बसलेला आहे, पण बाही लावलेल्या घट्ट कपड्यात नेमकं उलट घडतं. बाही अंगाला जिथे जोडलेली असते तिथून हात उचलला जातो. तो जोड काखेच्या जितका जवळ, तितकं कापड कमी ओढलं जातं. जोड खाली गेला की हात उचलताना बाही, योक आणि चोळी सगळं एकत्र वर येतं.

स्ट्रॅपलेस चोळीचा काठ काखेखाली मुद्दाम एक-दीड इंच खाली ठेवलेला असतो, म्हणजे तो काखेत टोचत नाही. तुम्ही बहुधा तोच काठ मुंढ्याचा तळ धरला आहे. आता काखेच्या बाजूला एक तुकडा वाढवा: चोळीच्या बाजूच्या शिवणीवर, काठाच्या वर, नेटचा दुहेरी किंवा गाऊनच्याच कापडाचा तुकडा. त्याने मुंढ्याचा तळ काखेपासून अर्धा ते पाऊण इंचावर आला पाहिजे. तुकडा होडीसारखा कापा, मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना निमुळता, म्हणजे तो पुढच्या-मागच्या योकमध्ये विरून जातो.

मग बाहीचा माथा, म्हणजे दंडाच्या रेषेपासून खांद्याच्या टोकापर्यंतची उंची, तपासा. साडेपाच-सहा इंचांचा माथा हात खाली असताना सुरेख दिसतो, पण हात उचलू देत नाही. तो चार ते साडेचार इंचांवर आणा आणि तेवढी बाही दंडात रुंद करा. न ताणणारी लेस असेल आणि दंड १२ इंच असेल तर बाहीचा दंडघेर साडेतेरा ते चौदा इंच ठेवा. चांगली ताणणारी नेट असेल तर १२ इंचांचा घेरही चालेल. माथा कमी केल्यावर हात खाली असताना काखेजवळ दोन-तीन सैल वळ्या दिसतील. त्या राहू द्या. हाताला हलायला लागणारं कापड तेच आहे. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा.

बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा किती जास्त ठेवायची, यावरही बरंच अवलंबून असतं. सुती किंवा क्रेप कापडाची बाही मुंढ्यापेक्षा एक इंच मोठी असली तरी ती चुण्या न पडता जिरवता येते. नेट आणि लेस असं जिरवू देत नाहीत. तिथे फरक तीन-चार सुतांच्या वर गेला की खांद्यावर चुण्या उभ्या राहतात.

एवढं करूनही ओढ राहिली, किंवा गाऊन परत उसवणं शक्य नसेल, तर काखेत कळी घाला. साडेतीन ते चार इंचांचा चौकोन, माया धरून, उरेब कापलेला. त्याचं एक टोक बाजूच्या शिवणीत, एक बाहीच्या शिवणीत आणि दोन मुंढ्यात. टोकांशी टीप बरोबर कोपऱ्यावर थांबली पाहिजे. एक टाका पुढे गेला तर चुणी पडते, अलीकडे थांबला तर भोक. नेट फाटली आहे त्या जागी आधी उलट बाजूने पातळ ऑर्गेन्झाचा तुकडा लावून घ्या, नाहीतर कळीची टीप फाटलेल्या जागेतच सुटेल.

बाजूच्या शिवणीतलं बोनिंगही पाहा. बाही जोडल्यावर काठ थोडा वर जातो आणि बोनिंगचं टोक काखेत टोचू लागतं. ते काठाच्या शिवणीपासून पाव ते अर्धा इंच अलीकडे संपलं पाहिजे. प्लॅस्टिकचं विणलेलं बोनिंग कात्रीने कापता येतं. कापलेलं टोक कापडाच्या तुकड्याने मढवा. स्टीलचं असेल तर ते बाहेर काढून कटरने कापावं लागतं आणि टोकाला टोपी बसवावी लागते. स्टीलवरून मशीन चालवू नका, सुई तुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

पुढच्या वेळी योक आणि एक बाही आधी मांजरपाटात कापून टाचून पाहा. अर्धा मीटर मांजरपाट खर्ची पडेल, लेस वाचेल. फक्त ताणणाऱ्या नेटसाठी मांजरपाट चालत नाही. तिथे स्वस्तातली तशीच ताणणारी नेट वापरा.

गाऊनच्या रंगाचं कापड कुठेच जुळत नाही. ‘ऑफ व्हाइट’ म्हणून आणलेली प्रत्येक पट्टी पिवळी नाहीतर निळसर दिसते. काय करू?
– एक वाचक, नाशिक

आधी गाऊनमध्येच शोधा. लांबी कमी करणार असाल तर खालून निघालेली पट्टी जपून ठेवा. उंच टाचा धरूनही बहुतेक तयार गाऊन दोन-तीन इंच आखूड करावे लागतात, आणि तेवढ्यात पट्टे आरामात होतात. मागचा बो, लांब ट्रेन, कमरेचा सुटा पट्टा यांतूनही कापड निघतं. शिंप्याला कापायला देतानाच ‘निघालेलं कापड परत द्या’ असं सांगा.

सॅटिन घेताना नुसता रंग जुळून भागत नाही, चकाकीची दिशाही जुळावी लागते. गाऊनमधला उभा धागा आणि पट्ट्यातला उभा धागा वेगवेगळ्या दिशेला गेला की तेच कापड दोन रंगांचं दिसतं. उरेब नाडीत हे फारसं जाणवत नाही, कारण ती गोल असते. रुंद पट्ट्यात लगेच दिसतं.

अगदी जवळचा पण न जुळणारा रंग सगळ्यात वाईट. त्यापेक्षा मुद्दाम वेगळं कापड घ्या: सॅटिनच्या गाऊनला लेसचे किंवा ऑर्गेन्झाचे पट्टे, मोत्यांची माळ. डोळा ते वेगळेपण रचना म्हणून स्वीकारतो.

पांढऱ्या लेसला किंचित मळकट छटा द्यायची असेल तर चहाच्या कोऱ्या पाण्यात बुडवता येते, पण फक्त सुती किंवा नायलॉनची. पॉलिस्टर चहाचा रंग धरत नाही. त्याला वेगळा रंग आणि जवळजवळ उकळतं पाणी लागतं, ते काम रंगाऱ्याकडेच द्या. आधी दोन इंचांचा तुकडा पाच मिनिटं बुडवा, धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मग गाऊनशेजारी ठेवून पाहा. ओली लेस नेहमी गडद दिसते. नायलॉन लेसला इस्त्री करताना वर सुती कापड ठेवा आणि आच कमी ठेवा, नाहीतर ती आक्रसते किंवा इस्त्रीला चिकटते.

छातीवर बारीक इलॅस्टिकच्या ओळी असलेला सुती ट्यूब ड्रेस आहे. कॉलेजला घालण्यासाठी त्याला बांधायचे पट्टे लावायचे आहेत. घरची साधी मशीन आहे.
– एक वाचक, पुणे

हे सगळ्यात सोपं काम आहे. चार पट्ट्या करा, प्रत्येकी १८ इंच लांब आणि तयार रुंदी अर्धा इंच. दोन पुढे, दोन मागे, खांद्यावर गाठ. सावधगिरी एकाच गोष्टीची. इलॅस्टिकचा बारीक दोरा कापला गेला किंवा सुईने तुटला, तर ती पूर्ण ओळ हळूहळू सैल होत जाते. म्हणून काहीही उसवू नका. पट्टीचं टोक आतून ठेवा, त्यावर पाऊण इंचाचा सुती चौकोन ठेवा आणि कापड किंचित ताणून उभ्या दिशेने वरच्या तीन ओळींवरून शिवा. फक्त पहिल्या ओळीला शिवलं तर काठ शिंगासारखा वर येतो. मशीनवर झिगझॅग नसेल तर हाताने उलटी टीप घाला. पुढचे पट्टे कुठे लावायचे ते ड्रेस अंगात घालून खडूने खूण करूनच ठरवा. टेबलावर आक्रसलेल्या ड्रेसवर ठरवलेली जागा अंगावर दोन-दोन इंच बाजूला सरकते.

लेहेंग्यावरचा स्ट्रॅपलेस चोळीसारखा ब्लाउज आहे, सगळा मण्या-टिकल्यांनी भरलेला. ओढणीच्या नेटची बाही लावायची आहे, पण शिवताना सुया तुटतात.
– एक वाचक, नागपूर

शिवणीच्या रेषेवरचे मणी आधी काढावे लागतील, पण दोरा न कापता. दोरा कापला की शेजारची सगळी ओळ गळते. काचेचा मणी छोट्या पक्कडीने दाबून फोडा. त्या वेळी वर जुना रुमाल धरा आणि डोळे सांभाळा. प्लॅस्टिकची टिकली कात्रीने मधोमध कापून ओढून घ्या. शिवण येईल त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत जागा मोकळी करा. मशीनला चेन लावायचा अर्धा पाय बसवा, म्हणजे तो मण्यांवर चढत नाही. बाही लावून झाली की मोकळ्या राहिलेल्या जागेत थोडे मणी हाताने परत लावा.

ओढणीची नेट बहुतेक वेळा ताणत नाही, म्हणून इचलकरंजीच्या उत्तरातली दंडघेराची मापं इथेही लागू आहेत. आणि ओढणी कापण्याआधी ती अंगावर घेऊन पाहा. बाहीसाठी दोन्ही टोकांतून १५-१५ इंच गेल्यावर उरलेली ओढणी डोक्यावरून पुरते का, ते तेव्हाच कळेल.

भाड्याने घेतलेल्या गाऊनला तात्पुरते पट्टे कसे लावावेत?
– एक वाचक, ठाणे

दुकानदाराला विचारून, आणि फक्त हाताने. तयार रिबन अस्तराला आणि आतल्या मायेला मोठ्या टाक्यांनी टाचा, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, म्हणजे परत करताना उसवायला दिसतो. काहीही कापू नका, चिकटवू नका. कापडाचा डिंक सॅटिनवर डाग ठेवतो. पारदर्शक प्लॅस्टिकचे पट्टे घामाने अंगाला चिकटतात आणि फ्लॅशच्या उजेडात चमकतात, फोटोंसाठी ते टाळा. गाऊन फक्त किंचित घसरत असेल, तर सिलिकॉनच्या रेघा असलेलं इलॅस्टिक काठाला आतून टाचा. ते कोरड्या त्वचेवर चांगलं धरतं, म्हणून त्या जागी तेल किंवा क्रीम लावू नका.

नऊ वर्षांच्या मुलीचा वाढदिवसाचा स्ट्रॅपलेस नेटचा फ्रॉक आहे. पहिल्या उत्तरात बारीक पट्ट्यांवर वजन टाकू नका असं असेल, तर तिचं काय?
– एक वाचक, सोलापूर

लहान मुलांच्या बाबतीत नियम बदलतो. या वयात कमरेला खोलगट आकार आलेला नसतो, त्यामुळे फ्रॉक कमरेवर थांबतच नाही. वजन खांद्यांनाच पेलायचं असतं. म्हणून पट्टे रुंद करा, किमान पाऊण ते एक इंच, उभ्या धाग्यात, आत पातळ फ्युझिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून. आतून मऊ सुती कापड येऊ दे. नेट खांद्याला घासते आणि मूल दहा मिनिटांत फ्रॉक काढून टाकतं.

पट्टे मागे एकमेकांवरून नेऊन लावा, म्हणजे खेळताना घसरत नाहीत. पुढची टोकं पक्की शिवा. मागची टोकं तीन इंच जास्त ठेवा आणि त्यांवर एक-एक इंच अंतराने तीन काजं करा. बटणं फ्रॉकच्या आतल्या बाजूला, दुहेरी कापडाच्या तुकड्यावर लावा. अस्तराला एकेरी लावलेलं बटण पहिल्याच उडीत अस्तर घेऊन बाहेर येतं. यंदा टोकापासून सगळ्यात लांबचं काज वापरा. मूल उंच झालं की टोकाकडचं.